मी निवडलेला डिसेंबर

डोळ्यांत टाकायच्या औषधाची छोटी बाटली दिसली की मला देवपूरच्या घरातला तो डिसेंबर आठवतो. सगळ्यांनी मिळून इंदूरजवळच्या एका पार्कमध्ये जायचं ठरलं आणि दिवस निवडायचं काम माझ्याकडे आलं. मेमध्ये पाळण्यांच्या तापलेल्या दांड्यांना हात लावता येत नाही, पावसात निम्मे पाळणे बंद असतात, म्हणून मी नाताळच्या आधीचा आठवडा काढला. उंच पाळण्यात बसायची हौस घरात सगळ्यांत जास्त मलाच होती. नेमकं त्याच आठवड्यात सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. "आठ दिवसांनी जाऊ या का?" मी विचारलं. "वहिनी, नाताळात गर्दी असते, तुम्हीच सांगितलं ना?" धाकटा दीर म्हणाला. "तू गयी ते मना डोयामा औषध कोन टाकी?" सासूबाईंनी विचारलं. नवरा गाडीत पाण्याचे कॅन ठेवत राहिला. आम्हा दोघींना ठेवून बाकीचे निघाले आणि अर्ध्या तासाने नवऱ्याचा वाटेतल्या सोनगीरहून फोन आला. मला न्यायला परत फिरले असतील असं वाटून मी धावत जाऊन उचलला. "अगं, लोणचं कुठल्या पिशवीत आहे?" त्याने विचारलं, आणि मी सांगितलं. आजही पाहुण्यांसमोर त्या सहलीचा विषय निघतो. "दिवस मात्र हिने अचूक निवडले होते," नवरा कौतुकाने सांगतो, आणि मी चहाचे कप उचलून आत जाते.