भाचीचे सुळे

दुसऱ्यांचे दात घडवणं हा माझा धंदा. मी डॉक्टर नाही. डॉक्टर दात काढतात, माप घेतात आणि ते माप माझ्याकडे पाठवतात. मग मी कवळ्या, कॅपा, एखाद-दुसरा चुकार दात असं काय हवं ते बनवून देतो. सुरतेत उधन्याच्या एका गल्लीत खाली साड्यांना लेस लावायचा कारखाना आणि वरच्या दोन खोल्यांत माझी लॅब. गिऱ्हाईक मला कधी भेटत नाही. त्याचं तोंड तेवढं प्लास्टरचं होऊन माझ्या टेबलावर येतं. माणसाच्या तोंडात काय चाललंय हे त्याच्या बायकोपेक्षा मला जास्त ठाऊक असतं, असं मी बढाईने सांगतो आणि बायको मला गप्प बसवते.

या धंद्यात सुळ्याला मान नाही. कवळीतले दात सगळ्यांना शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेसारखे हवे असतात, एकसारखे. सुळा जरा टोकदार राहिला तर गिऱ्हाईक म्हणतं, ‘राक्षसासारखं दिसतं हो.’ मग मी टोक घासतो. वीस-बावीस वर्षं मी सुळे घासत आलोय आणि त्यात आपण काही वावगं करतोय असं मला कधी वाटलं नाही.

माझी बहीण दोन गल्ल्या सोडून राहते. मेहुणे कापड रंगवायच्या मिलमध्ये मास्तर आहेत. त्यांना एकच मुलगी. ती आठ महिन्यांची असताना तिचे वरचे दात आधी आले, आणि धुळ्याहून आलेल्या आमच्या आत्याने कपाळाला हात लावला. “वरना दात पहिले उनात. मामाले जड शे!” खालचे दात येईपर्यंत मामाने पोरीच्या तोंडात बघायचं नाही, असा हुकूम सुटला. मी तेव्हा नुकताच दातांचं काम शिकत होतो. दातांच्या धंद्यातला माणूस आणि सख्ख्या भाचीच्या तोंडात डोकवायची बंदी! मी घरात शिरलो की बहीण पोरीच्या तोंडावर पदर टाकायची. मी मुद्दाम वाकून बघायचो आणि आत्याच्या शिव्या खायचो. खालचे दात आले, मी ठणठणीत राहिलो, आत्या म्हणाली, “बघ, ऐकलं म्हणून वाचलास.”

दुधाचे दात पडून कायमचे आले तेव्हा मात्र पंचाईत झाली. तिचे दोन्ही सुळे उशिरा आले, तोवर रांगेत जागाच उरली नव्हती. ते बिचारे वरच्या बाजूने, शेजारच्या दातांच्या डोक्यावर, पुढे येऊन उभे राहिले. लांब, पांढरेशुभ्र, टोकदार. शाळेतली पोरं तिला डाकीण म्हणू लागली. तेव्हापासून ती हसताना तोंडावर हात धरते. चेष्टा कितीही जमून येऊ दे, हात आधी वर जाणार आणि हसू मागून येणार. मी दर दिवाळीला तिच्या हनुवटीला धरून म्हणायचो, “थांब, मोठी हो, तुझा मामा हे दात सरळ करून देईल.” मला वाटायचं, मी किती मायेने बोलतोय.

आता ती चोवीस वर्षांची आहे. कापड मार्केटमध्ये कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढते, आणि उरलेल्या वेळात तिला रक्त पिणाऱ्या भुतांचा नाद आहे. व्हॅम्पायर म्हणतात त्यांना. कॉलेजपासून तिने त्यांच्यावरची जाडजाड पुस्तकं वाचली, सिनेमे पाहिले, आणि सुरतभर विखुरलेल्या अशाच येड्या पोरापोरींचा फोनवर एक ग्रुप केला. शनिवारी ती माझ्या लॅबमध्ये येऊन बसते. मी मेण कोरतो आणि ती मला भुतांचा इतिहास शिकवते. मी त्यांना साहेबभुतं म्हणतो, त्याचा तिला राग येतो.

“मामा, साहेब ते नंतर झाले,” ती म्हणते. “आधीची भुतं खेड्यातली होती, आपल्या हडळ-खविसासारखी. फुगलेली, लालबुंद, अंगावर पुरताना गुंडाळलेलं कापड. पुढे पुस्तकं लिहिणाऱ्यांनी त्यांना हवेली दिली, कोट दिला, चांगलं बोलायला शिकवलं.”

“आणि दात?”

“दातसुद्धा पुस्तकवाल्यांनीच लांब केले. पण तिकडच्या काही गावांत असंही मानायचे, की दात घेऊन जन्मलेलं मूल मेल्यावर व्हॅम्पायर होतं.”

हे ऐकून मी हातातलं मेण खाली ठेवलं आणि पोट धरून हसलो. आमच्या आत्यासारखी बाई जगाच्या त्या टोकालाही होती म्हणायची! भाचीही हसली, तोंडावर हात धरून.

याच पावसाळ्यानंतर एकाच आठवड्यात माझ्याकडे दोन कामं आली. पहिलं बहिणीचं. नंदुरबारचे पाहुणे दिवाळीनंतर मुलगी बघायला येणार होते. “पाहुणा येवाना पहिले इना दात नीट करी टाक, भाऊ,” ती म्हणाली. डॉक्टरांनी तार लावायला सांगितली होती, पण तारेला दोन वर्षं लागतात. “दोन वरीस कोन थांबस?” तेव्हा असं ठरलं, की दोन्ही सुळे काढायचे आणि तिथे मी बनवलेले सरळ दात बसवायचे. डॉक्टरांची बुधवारची वेळ मिळाली. भाचीला विचारलं, ती म्हणाली, “काढा.” तिने ते इतक्या पटकन म्हटलं, की पुढे विचारायचं मला सुचलंच नाही. मी माप घेतलं, साचा ओतला आणि नवे दात मेणात कोरून ठेवले. माझ्या हातचं ते सगळ्यांत देखणं काम होतं, उगाच विनय कशाला करू!

दुसरं काम भाचीचं. बुधवारच्या आधीच्या रविवारी त्यांच्या ग्रुपचं संमेलन होतं, आणि त्यासाठी तिला सुळे हवे होते. बाजारातले प्लास्टिकचे नव्हेत. ज्याच्या-त्याच्या दातांवर चपखल बसणारे, घालता-काढता येणारे. एकोणीस जोड्या. आठवडाभर माझ्या जिन्यात इंजिनिअरिंगची पोरं, मेंदी काढणारी एक मुलगी, एक बँकेतला चष्मिष्ट, अशी रांग लागली. मी त्यांच्या तोंडात मापाचा गुलाबी लगदा भरला आणि ‘आ करा’ म्हणून ओरडलो. जन्मभर टोकं घासणारा मी, त्या आठवड्यात टोकं काढत बसलो होतो. इतकी मजा मला या धंद्यात कधी आली नव्हती. खालचे कारखान्यातले कारागीरसुद्धा जेवणाच्या सुट्टीत सुळे बघायला वर येऊन जायचे.

“तुझी जोडी?” मी भाचीला विचारलं.

“मला नको,” ती म्हणाली. मला वाटलं, संमेलनाची धावपळ तिच्याकडे आहे, म्हणून नको म्हणत असेल.

संमेलन कतारगामच्या एका लग्नाच्या वाडीत, म्हणजे आपल्याकडच्या मंगल कार्यालयात, होतं, आणि तेही भर दुपारी दोन वाजता. सूर्याचा किरण लागला तर राख होणाऱ्यांचं संमेलन सुरतच्या दुपारी! कारण अर्ध्याअधिक व्हॅम्पायरांना घरून सातच्या आत परत यायची ताकीद होती. मार्केटच्या तपासणीत नापास झालेल्या काळ्या साड्यांचे झगे शिवलेले, त्यात पोरं घामाने निथळत होती. रक्त म्हणून कलिंगडाचा रस होता. नाश्त्याला लोचो, म्हणजे ढोकळ्याचा मऊ, चिकट सुरती भाऊ, आला, आणि वाफाळत्या लोचोत दोघांचे सुळे रुतून बसले; ते मला चमच्याने शोधून काढावे लागले. पंख्याखाली उभं राहायला तर भुतांची मारामारी चालली होती.

मला त्यांनी चक्क भाषण करायला लावलं. मी माझ्या मोडक्या गुजरातीत सांगितलं, की जुन्या काळी लोकांनी थडगी उकरली तेव्हा त्यांना मेलेल्या माणसाचे दात लांब झालेले दिसले असतील, तर ते खोटं नव्हे. दात वाढत नाहीत. हिरडी सुकून मागे सरते आणि दाताचा झाकलेला भाग उघडा पडतो. म्हाताऱ्यांच्या तोंडात मी हे रोज बघतो. “म्हणजे काका, माझे आजोबा व्हॅम्पायर आहेत?” एकाने विचारलं. मी म्हटलं, “त्यांना लोचो देऊन बघ, सुळे रुतले तर समज.” वाडी दणाणली. मी आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या घेतल्या आणि मला त्या फार आवडल्या.

मग सुळ्यांची स्पर्धा झाली. परीक्षक होती हिऱ्याच्या कारखान्यात काम करणारी एक मुलगी. हिऱ्यातला डाग शोधायचं भिंग ती येताना घेऊनच आली होती. ते डोळ्याला लावून ती एकेकाच्या तोंडात बघत चालली. माझ्या कामाला हिरेवाल्या डोळ्याने तपासलं जाणार म्हणून मी छाती पुढे काढून तिच्या मागेमागे. “काका, आ सारुं छे,” हे छान आहे, असं ती म्हणायची, किंवा “आहीं सांधो देखाय छे,” म्हणजे इथे जोड दिसतोय. ते बरोबर असायचं. हरामखोर डोळा होता पोरीचा.

फिरत फिरत ती माझ्या भाचीपुढे आली. भाची रसाचे ग्लास भरत होती, तिचे दोन्ही हात गुंतलेले. त्या मुलीने तिची हनुवटी धरून वर केली, भिंग टेकवलं, आणि बराच वेळ हललीच नाही. या बाजूने, त्या बाजूने बघितलं. मग मला म्हणाली, “काका, आमां तो सांधो ज नथी! हे तुम्ही कसे केले? बाकी सगळ्यांपेक्षा हेच भारी.”

ते मी केलेले नव्हते. भाचीचा चेहरा उतरला होता. तिने रसाचा जग खाली ठेवला, हात तोंडाकडे निघाला, अर्ध्यावर थांबला.

“हे निघत नाहीत,” ती म्हणाली. “माझेच आहेत.”

मग तो चष्मिष्ट बँकवाला ओरडला, “आ तो साचा छे!” आणि खरे आहेत, खरे आहेत, असा जो गलका झाला, की बाहेर वाडीचा वॉचमन धावत आला. पोरं तिच्याभोवती गोळा झाली. कोणी जमिनीवर लोटांगण घातलं, कोणी म्हणालं, इतके दिवस आमच्यापासून का लपवलंस, हा अन्याय आहे. तिला खुर्चीवर बसवून उचललं. आणि वर, त्या डुगडुगत्या खुर्चीत, पडू नये म्हणून दोन्ही हातांनी दांडे धरून माझी भाची हसली. तोंड भरून, मागे मान टाकून, आवाज करून हसली.

मी एका कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. तिला डाकीण म्हणणाऱ्या पोरांचा मला केवढा राग होता! पण ती पोरं शाळेबरोबर मागे राहिली. दर दिवाळीला हनुवटी धरून, तुझे दात नीट नाहीत, हे तिला मीच सांगत आलो होतो. मायेने सांगत होतो, म्हणून तिला ते खोडताही आलं नाही. मला माझी लाज वाटली, आणि समोरचं हसू बघून आनंदही आवरेना.

परतताना ती स्कूटरवर मागे बसली होती. उधन्याच्या पुलावर म्हणाली, “मामा, बुधवारचं रद्द करा.”

“तुला खरंच नको आहे ना? का आज त्यांनी डोक्यावर घेतलं म्हणून?”

“ते मलाही माहीत नाही. पण काढायचे नाहीत, एवढं नक्की.”

“माझं चुकलं गं,” मी म्हटलं. तिने मागून माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. आमच्यात क्षमा अशीच करतात.

बहीण मात्र ऐकेना. “लोक काय म्हणतीन? पाहुणा काय म्हणतीन? तुन्हा काय जास!” भाची एकदा शांतपणे म्हणाली, “आई, माझे दात आहेत, मला ठेवायचे आहेत,” आणि चहा टाकायला आत गेली. मेहुणे वर्तमानपत्रात शिरले. मी वाद घातला नाही, कारण तिच्यापुढे मी वादात कधी टिकलेलो नाही. फोन काढला आणि त्या मेंदीवालीने पाठवलेला खुर्चीवरच्या हसण्याचा व्हिडिओ लावून बहिणीच्या हातात दिला.

तिने तो बघितला. परत लाव म्हणाली. मी परत लावला. तिसऱ्यांदा तिने स्वतःच बोटाने लावला, आणि फोन डोळ्यांच्या अगदी जवळ नेला.

“चोवीस वरीसनी व्हयनी पोर,” ती हळूच म्हणाली. “मी तिले अशी हसताना कधी दखी नही.”

भाची ट्रे घेऊन बाहेर आली. फोनमधून आपलाच आवाज ऐकून तिला हसू फुटलं, आणि ट्रे टेकवता टेकवता सवयीने हात वर गेला. बहिणीने तो मधेच धरला, आपल्या मांडीवर ठेवून घेतला, आणि चहा निवेपर्यंत सोडला नाही.