आईची ओली पट्टी

आई सांगलीहून माझ्याकडे चेन्नईला राहायला आली आणि तिसऱ्याच आठवड्यात पोटात कळा येऊन अड्यारच्या एका दवाखान्यात दाखल झाली. पित्ताशयातले खडे दुर्बिणीतून काढले. पोटाला चार बारीक छिद्रं, दोन दिवसांत घरी. मला वाटलं, सुटलो.

निघताना नर्सने अर्ध्या तमिळ, अर्ध्या इंग्रजीत सूचना दिल्या. जखमा कोरड्या ठेवा, पट्टी भिजली तर लगेच बदला, लाली किंवा ताप दिसला तर थांबू नका. नेमका तेव्हाच अंबत्तूरहून ऑफिसचा फोन आला. मी एका कानाने ऐकत मान डोलावली.

"काय म्हणाली गं?" आईने विचारलं.

"काही नाही, गोळ्या वेळेवर घ्यायच्या."

त्या उन्हाळ्यात पाणी टँकरने यायचं आणि पिंपात चार-चार दिवस साठून राहायचं. आंघोळीशिवाय आई देवापुढे बसत नसे. मी साडेसातला बाहेर पडले, की ती त्याच पाण्याने डोक्यावरून आंघोळ करायची आणि ओली पट्टी अंगावरच वाळू द्यायची.

सातव्या दिवशी घरमालकीणबाईंचा ऑफिसात फोन आला. त्या पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडच्या मराठी, बोलण्यात जुने शब्द असायचे. "तुमच्या आईस ज्वर आहे. तुम्हांस सांगू नका म्हणतात, म्हणून मीच सांगते."

घरी येऊन पट्टी उचलली. बेंबीजवळची जखम लाल, टणक झाली होती आणि कडेने पू येत होता.

डॉक्टरांनी टाका काढून जखम साफ केली. आई माझा हात धरून होती. जखम भिजवली होती का, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी आईला मराठीत विचारलं.

"हो. मला ठाऊक नव्हतं, कुणी सांगितलं नाही. चुकलंच माझं," ती म्हणाली.

मी डॉक्टरांना म्हटलं, "शी फर्गॉट."

पुढचे तीन आठवडे मी साबणाने हात धुऊन रोज पट्टी बदलली. ऑफिसला उशिरा जायचे. जखम तळापासून हळूहळू भरत आली. एकदा पट्टी लावताना मी खाली बघूनच म्हटलं, "आई, नर्सने सगळं सांगितलं होतं. मीच तुला सांगितलं नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "फर्गॉट एवढं इंग्रजी मला कळतं."

मग तिने पदर सारखा केला आणि चहा टाकायला उठली. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. मला बोलायचं होतं.