सगळ्यांनी केळी घेतली

चौदा माणसं जेवायला आली आणि एकही जेवलं नाही.

सातपूरला, आमच्या कॉलनीत, माझ्या मावशीची खानावळ आहे. पत्र्याची शेड, चार बाकडी, भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर. कंपन्यांतली पोरं दोन्ही वेळ तिथं जेवतात. त्या रविवारी मावशीनं पोरांना लवकर उरकायला लावलं होतं. बाकडी धुऊन काढली होती. मटण शिजत होतं, बाजरीच्या भाकरी टोपल्यात रचून ठेवल्या होत्या आणि ती ठेवणीतलं पातळ नेसून दारात उभी होती. कारण माझी माणसं येणार होती. इंटरनेटवरची माणसं. नाशिकमध्ये कुठं चांगलं खायला मिळतं, कुठला शिंपी वेळेवर कपडे देतो, कुठला मेकॅनिक फसवतो, हे एका वेबसाइटवर लिहिणारा आमचा ग्रुप.

आले. बसले. मृणालनं वर भिंतीकडे पाहिलं. मग शेजारी बसलेल्या निखिलकडे. मग मला म्हणाली,

"अगं, सांगायचंच राहिलं. आज माझा उपास आहे."

"माझापण," निखिल म्हणाला.

मग उपासाची साथच आली. बघता बघता चौदाच्या चौदा जणांना लागण झाली. रविवारी कसला उपास, हे विचारायची हिंमत माझ्यात नव्हती.

मावशी भोळी. तिला खरंच वाटलं. "आधी नाय का सांगायचं? माझ्या दारातून माणसं अशीच जातील व्हय?" तिनं दूध तापवलं, साखर घातली, वेलदोडा कुटून टाकला, ग्लास भरले. मला कोपऱ्यावरच्या गाडीवर केळी आणायला पिटाळलं.

केळी सगळ्यांनी घेतली. दुधाला एकानंही हात लावला नाही.

मी ट्रे धरून उभी. दुधावर साय धरत होती. केळ्याला साल असते. दुसऱ्याच्या हाताचं काही न लागता ते खाता येतं. हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं आणि कानशिलं तापली. तरी "घ्या ना, घ्या ना," असं हसून दोनदा म्हटलं. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

हा ग्रुप मी उभा केला होता. हे आधी सांगायला हवं.

नव्वदच्या दशकात मी धंद्यांची डिरेक्टरी छापणाऱ्या एका माणसाकडे कामाला होते. दुकानं हिंडायची, नाव, पत्ता, फोन फॉर्मवर लिहून घ्यायचा. मेन रोड, भद्रकाली, पंचवटी, नाशिकरोड, सगळं पायी. दुकानदार आधी माझीच माहिती विचारायचे. "नाव काय तुझं?" मी नाव सांगायची. "पूर्ण?" मग मी फॉर्म पुढं करायची आणि त्यांना सही कुठं करायची ते दाखवायची. आडनाव गिळायची सवय मला तिथं लागली.

पुढं डिरेक्टरी बंद पडली आणि मी एका सायबर कॅफेत काउंटरला बसू लागले. तिथं ही वेबसाइट सापडली. इथं टोपणनाव चालायचं. मी 'गोदाकाठची' झाले. गिऱ्हाईक नसलं की लिहायची. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, कारण दुसरी सोय नव्हती. दुसरं काही मला येत नसेल, पण नाशिकची दुकानं मला पाठ होती. कुठल्या बोळातला घिसाडी सुरीला धार नीट लावतो, हेही मी लिहिलं. लोक उत्तरं देऊ लागले. 'गोदाकाठची'नं सांगितलंय म्हणजे खरं असणार, असं लिहू लागले. ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेल! मग मी दर महिन्याला भेटायची टूम काढली. नियमही मीच लिहिला. खाल्ल्याशिवाय लिहायचं नाही. वापरल्याशिवाय तारे द्यायचे नाहीत.

मृणाल नंतर आली. कॉलेज रोडची. तिचं इंग्रजी लोण्यासारखं. पहिल्या भेटीला स्कूटीवरून उतरली आणि सगळ्यांना नाव सांगत सुटली, आडनावासकट, जसा कुणी घरचा पत्ता सांगावा तसं. मला तिचा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू, जळफळाट झाला. मी आठ ओळी लिहाव्यात आणि तिच्या दोन ओळींना जास्त वाहवा मिळावी. तिच्या केसांचा हेवा वाटायचा, स्कूटीचा वाटायचा. पण सगळ्यात जास्त त्या आडनावाचा. ते सांगून तिचं काही बिघडत नव्हतं.

त्यात मुंबई ऑफिसचे सर आले. वेबसाइटला नाशिकसाठी एक माणूस हवा होता. पगारी. मेंबर वाढवायचे, भेटी घडवायच्या. म्हणजे मी जे फुकट करत होते तेच. मला वाटलं, ही जागा माझीच. सर म्हणाले, "दोन नावं आहेत. तू आणि मृणाल. दोघींनी एकेक भेट ठेवा, आपापल्या आवडत्या जागी. मेंबर तारे देतील. रेटिंग बोलेल."

मला मावशीच्या मटणापेक्षा चांगलं काही ठाऊक नव्हतं.

सोमवारी कॅफे उघडल्या उघडल्या मी कॉम्प्युटर लावला. मावशीच्या खानावळीवर अकरा जणांनी लिहिलं होतं. 'जागा ऑथेंटिक आहे, पण स्वच्छतेचं बघा.' दोन तारे. 'रस्सा फार तेलकट.' दोन तारे. 'मटण चिवट.' एक तारा, निखिलचा.

मटण चिवट! झाकण उघडलंच नव्हतं. ते मटण रात्री कॉलनीतल्या पोरांनी खाल्लं होतं. आणि त्याच निखिलनं त्याच रविवारी सकाळी खाल्लेल्या मिसळीवरही लिहिलं होतं. तर्री मस्त, दोनदा मागून घेतली म्हणे. असा त्याचा उपास.

पुढच्या रविवारी मृणालची भेट होती. कॉलेज रोडवरच्या एका बेकरीत, तिच्या आवडीच्या. मी गेले नाही. घरी बसून जळत होते. संध्याकाळी कॅफेत जाऊन पाहिलं तर ताऱ्यांचा नुसता सडा. सगळ्यांनी खाल्लं होतं, दुसऱ्यांदा मागवलं होतं. माझं डोकं फिरलं. मी नवीन टोपणनाव घेतलं आणि लिहिलं, 'केक शिळा होता, क्रीमला वास येत होता.' एक तारा. बटण दाबलं तेव्हा इतकं गार वाटलं की काय सांगू.

न खाता 'मटण चिवट' लिहिणाऱ्यांचं मावशीला आधीच सांगितलं होतं. घरी येऊन हेही फुशारकीनं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं विचारलं,

"कसा व्हता केक?"

"खाल्ला कुठं मी!"

तिचा हात थांबला. परातीतली भाकरी तशीच राहिली.

"मंग त्यांनी काय येगळं केलं?"

बास, एवढंच बोलली आणि पुन्हा थापायला लागली. तिला ते तारे कळत नव्हते, वेबसाइट कळत नव्हती. दुधाचे चौदा ग्लास मात्र तिनंच मोरीत ओतले होते. ते दूध का उरलं, हे तिला माझ्याआधी कळलं होतं, हे मला आत्ता कळलं. भोळी मीच होते.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुट्टी घेतली आणि त्या बेकरीत गेले. एकटी. काचेजवळच्या टेबलावर बसले. चॉकलेटचा केक मागवला, कॉफी मागवली. केक चांगला होता. मऊ, ताजा, बेताचा गोड. जळत जळतच सगळा संपवला.

तिथून थेट कॅफेत. खोटं लिहिलेलं काढून टाकलं. मग खरं लिहिलं. 'केक ताजा. कॉफी कोमट. चार तारे.' त्याखाली हेही लिहिलं, की काल मी न खाता, जळून, इथं एक तारा दिला होता. तो खोटा होता.

मग मावशीच्या पानावर गेले. तिथं लिहिलं, 'त्या रविवारी इथं चौदा जण आले. कुणीही जेवलं नाही. केळी सगळ्यांनी घेतली, दूध कुणीही घेतलं नाही. का, ते त्यांना विचारा.' चौदाही नावं दिली. खाली 'गोदाकाठची' पुसलं आणि माझं नाव लिहिलं. पूर्ण. आडनाव टाइप करताना बोट क्षणभर अडलं. मग दाबलं.

तासाभरात सरांचा फोन.

"हे काय लिहिलंयस? आधी काढून टाक. कम्युनिटीचं वातावरण बिघडतं. जातपात कशाला आणतेस मध्ये?"

"मी जातीचा शब्द लिहिलेला नाही, सर. वाचून बघा."

मग आवाज मऊ झाला. "हे बघ, हेड मृणालच होईल. पण तिच्या हाताखाली असिस्टंटची जागा काढतो. पगार देतो. फक्त एवढं काढ."

पगार मला हवा होता. फार हवा होता. मृणालच्या हाताखाली का होईना, टेबल मिळालं असतं.

"सर, मी जे खाल्लं ते लिहिलं. त्यांनी जे खाल्लं नाही ते लिहिलं. काढायचं तर त्यांचं काढा."

संध्याकाळपर्यंत माझं खातंच बंद झालं. शिंपी, मेकॅनिक, घिसाडी, वर्षानुवर्षांचं लिहिलेलं सगळं गेलं. मटण चिवट मात्र तिथंच राहिलं.

आता मावशीच्या खानावळीत खिळ्याला एक जाड वही टांगली आहे. कॉलनीतले, कंपनीतले लोक तिच्यात लिहितात. कुठलं दुकान, काय घेतलं, कसं निघालं. ज्याला लिहिता येत नाही त्याचं मी लिहून घेते. पहिल्या पानावर जुनाच नियम आहे, आणि खाली एक नवा. नाव पूर्ण लिहायचं. दर रविवारी वहीतलं सगळं मी कॅफेत टाइप करते, आमच्या स्वतःच्या पानावर. वाचणारे थोडे आहेत. मी थांबणार नाही.

मृणाल हेड झाली. तिची स्कूटी रस्त्यात दिसली की माझ्या पोटात अजून आग पडते. ती विझावी असं मला वाटत नाही.

पण हसून ट्रे पुढं करणारी ती बाई मी आता नाही. माझ्या दारात या. ग्लास माझ्या हातानं भरेन, तुमच्या हातात देईन आणि समोर उभी राहीन. प्यायचं असेल तर बसा. नसेल, तर केळी कोपऱ्यावरच्या गाडीवर मिळतात.