अंबादास मिस्त्रींच्या स्मरणार्थ आठ हत्यारं

अनंता घाडीला किळस यायला फार काही लागत नाही. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं गॅरेज आहे. तिथे चहावाला ग्लासात बोट बुडवून चहा ठेवतो, त्याची किळस. गिऱ्हाईक डॅशबोर्डवर प्लॅस्टिकची फुलं चिकटवून आणतं, त्याची किळस. सगळ्यात जास्त किळस मात्र डुप्लिकेट मालाची, आणि गंमत अशी की त्याचं स्वतःचं उभं आयुष्य त्याच मालावर गेलं. बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा अनंता पंधरा वर्षांचा. अंबादास मिस्त्रींच्या हाताखाली लागला, एकोणीस वर्षं राहिला, मग स्वतःचं शटर उघडलं. तेव्हापासून डुप्लिकेट पंप, डुप्लिकेट बेअरिंग, पत्र्याऐवजी लांबी भरलेले दरवाजे असं सगळं घालून त्याने शेकड्याने गाड्या रस्त्यावर सोडल्या. प्रत्येक वेळी तोंड असं, की ताटात केस सापडलाय. त्याची बायको अस्मिता म्हणते, "ह्यांचं तोंड बघून गिऱ्हाईकाला वाटतं, बॉनेटखाली उंदीर मेलाय."

अशा माणसाकडे १९५८ची एमजी ही विलायती गाडी आली. दोन सीटची, लाल, तारांच्या चाकांची. घाटकोपरच्या भाविकाच्या दादाजींची ही गाडी पंचेचाळीस वर्षं ताडपत्रीखाली झोपली होती. अनंताने तीन वर्षं खपून ती उभी केली आणि एकही खोटी वस्तू आत जाऊ दिली नाही. आपल्या हातून एक तरी गाडी संपूर्ण खरी बाहेर पडावी, एवढीच त्याची इच्छा. अस्मिताला ती तोंडपाठ झाली होती.

राहिला फक्त टूलकिट. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक डिकी उघडून कंपनीची हत्यारं मोजतात. तीन दुतोंडी पाने, प्लगपाना, त्याचा दांडा, ग्रीसगन, जॅक आणि चाक मधोमध आवळून धरणारी चक्री ठोकायचा तांब्याचा हातोडा, असे आठ नग.

"गाडी बंद ठेवली तेव्हा दादाजींनी तो सेट तुमच्या मिस्त्रींना दिला होता ना, अनंताकाका?" भाविका म्हणाली. "नाही मिळाला तर टेन्शन नाही. इंग्लंडहून मागवू. सेम टू सेम बनवतात."

"सेम टू सेम म्हणजे खोटा. मी आणतो."

मिस्त्रींना जाऊन बारा वर्षं झालेली. त्यांची बायको जानकीकाकी चारकोपलाच राहते. अनंता गेला तेव्हा ती कोकमाची सोलं उन्हात पसरत होती.

"काकी, मिस्त्रींचो हत्यारांचो सेट खय आसा?"

"वाटलंय."

"वाटलंय म्हणजे?"

"वर्षश्राद्धाक. लोक स्टीलचे डबे वाटतत. घरात ह्यांची हत्यारां पडलेली, मगे डबे कित्याक आणूचे? भांड्यांच्या दुकानात नेऊन सगळ्यांवर ह्यांचा नाव घालून घेतलंय नि एकेका नातेवाइकाक एकेक दिलंय."

अनंता खालीच बसला. "नाव घातलंस? कंपनीच्या पान्यावर?"

"मशीननं. अक्षर बरा काढल्यान हां त्येनी. तू इलंस नाय जेवूक, नायतर तुका जॅक देतलंय."

अनंता तेव्हा गेला नव्हता, कारण श्राद्धाच्या पंगतीत लोक बोटं चाटतात. हे त्याने काकीला सांगितलं नाही, तेवढी अक्कल आहे त्याला.

मग एक रविवार सोडून एक रविवार अनंताचं पै-पाहुण्यांकडे जाणं सुरू झालं. सासरच्या लग्नांना न जाणारा माणूस मिस्त्रींच्या चुलतसाडूच्या घरी पोहे खाऊन आला. दहिसरला मिस्त्रींच्या पुतण्याने, पिंटूने, त्याला कौतुकाने संडासात नेलं. फ्लशच्या टाकीचं झाकण उचलून दाखवलं. आत पाण्यात प्लगपाना आडवा.

"वजन म्हणून टाकलाय. त्याने टाकी अर्धीच भरते. पाणी वाचतं ना."

"वीट टाकायचीस रे."

"वीट विरघळते, काका. हा ओरिजिनल आहे."

अनंताने तो पाना दोन बोटांनी उचलला, तीन पिशव्यांत गुंडाळला आणि पिंटूचा चहा तसाच ठेवून निघाला.

दिंडोशीला मिस्त्रींची भाची शकु. तिच्याकडे हातोडा. शेगडीवर कुरल्यांचं कालवण आणि ओट्यावर तो तांब्याचा हातोडा, खेकड्यांच्या नांग्यांची कवचं चिकटलेला, वास असा की शेजारची मांजर दारातून हलत नव्हती. लोखंडाच्या घावाने चक्री चेपते म्हणून कंपनीने मुद्दाम तांब्याचा दिलेला.

"नेऊ नको रे, अनंता. ह्याच्यासारखी नांगी कशानं फुटत नाही."

"खलबत्ता देतो आणून. पितळेचा."

"आणि नाव? मामाचं नाव आहे त्याच्यावर."

"तेच तर नडतंय ना."

जॅक फ्रीजखाली निघाला, एक पाना कुणाच्या खिडकीला अडसर, ग्रीसगनने एकीने चकल्या पाडायचा प्रयत्न केलेला. चार महिन्यांत आठही नग आले. अनंताने ते रॉकेलमध्ये बुडवले, घासले, पुसले. कंपनीचे शिक्के स्वच्छ उमटले. आणि प्रत्येकावर, टिंबाटिंबांच्या वळणदार अक्षरांत: कै. अंबादास मिस्त्री यांच्या स्मरणार्थ. अनंता रोज बघायचा आणि रोज शिव्या घालायचा. साठ-पासष्ट वर्षं टिकलेलं हत्यार, त्याची भांडी करून टाकली.

भाविका आली. शिक्के बघून खूश झाली, मग अक्षरं वाचली.

"हे घासून टाका ना, काका. ग्राइंडरवर एक मिनिटाचं काम."

"तेच करणार होतो," अनंता म्हणाला, आणि खरंच करणार होता. चाक चालू केलं, पाना टेकवला. ठिणग्या उडाल्या, 'कै.' गेलं. अनंताने पाना उचलून पाहिला. निदान त्या एका पान्यापुरते मिस्त्री आता हयात होते.

पुढचं अक्षर 'अं'. अनंताचा हात तिथेच राहिला. ह्याच पान्यावर मिस्त्रींनी त्याला पहिल्यांदा नट सोडवायला शिकवलं होतं. पाना ओढायचा, ढकलायचा नाही, ढकलला की बोटं सोलतात. बोटं सोलली तेव्हा हसले होते. चाक फिरत राहिलं, मग त्याने स्विच बंद केला.

"नाव राहू दे," तो म्हणाला.

"मार्क जातील, काका."

"जाऊ दे. माल खरा आहे."

"पण गाडी माझ्या दादाजींची आहे. डिकी उघडल्यावर त्यांच्या गाडीत दुसऱ्याचं नाव का वाचायचं लोकांनी?"

तिचंही खोटं नव्हतं. अनंताने पाना फडक्याने पुसून बाजूला ठेवला. भाविकाने तिथेच उभ्या उभ्या फोनवर इंग्लंडचा सेट मागवला. रागावली नाही, उलट जाताना म्हणाली, "हे तुम्ही ठेवा, काका. तुमच्या मिस्त्रींचे आहेत."

बाराव्या दिवशी खोकं आलं. कॅनव्हासचं नवं बासन, कडक पट्टे, आठही नग आरशासारखे. कंपनीचा शिक्कासुद्धा हुबेहूब. अनंताने एकेक बाहेर काढून पाहिला, नाकाशी नेला. कसलाच वास नाही.

संध्याकाळी गाडी न्यायला ड्रायव्हर आला. अनंताने स्वतःच्या हाताने ते बासन डिकीत त्याच्या जागी ठेवलं, पट्टा आवळला, झाकण लावलं. मग नळाशी गेला, कपडे धुवायची पावडर घेतली आणि कोपरापर्यंत हात दोनदा धुतले.