काहून काहून
कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला नागपूर स्टेशनजवळचं ते स्वस्तातलं गेस्टहाऊस आठवतं, पेंचच्या जंगलात निघालेली सॅकवाली मुलं उतरायची तसलं. मे महिन्याची दुपार होती, फोनमधला डेटा संपला होता आणि वायफाय फक्त काउंटरपाशी चालायचं. नोकरीचा भरलेला अर्ज नुसता पाठवायचा राहिला होता आणि मुदत पाचला संपत होती. पाच वाजायला सहा मिनिटं असताना मी धावत खाली आलो आणि मालकीणबाईंना पासवर्ड विचारला. कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून त्या म्हणाल्या, "काहून काहून." इकडे 'काहून' म्हणजे 'का', एवढं मला ठाऊक होतं. "अर्ज पाठवायचाय," मी म्हटलं. "काहून काहून!" "अहो, आज शेवटचा दिवस आहे!" "अरे, काहून काहून!" मी ओरडलोच, "कारण माझी नोकरी गेलीय, आणि दोन महिने मी घरी खोटं बोलतोय!" बाईंनी कूलर बंद केला. मग हळूच म्हणाल्या, "बाबू, पासवर्डच काहून काहून हाये गा. इंग्रजीत लिही, जोडून." अर्ज गेला, नोकरीही मिळाली. पण त्या 'काहून'चं खरं उत्तर त्या बाईंखेरीज मी अजून कुणालाच दिलेलं नाही.