काट्यावरची चिकटपट्टी

देशातला सगळ्यात वेगवान गोलंदाज गाडीत बसला की दाराच्या वरची मूठ घट्ट धरून बसायचा, ही गोष्ट त्याच्या बायकोशिवाय फारशी कोणाला ठाऊक नव्हती. वर्तमानपत्रं त्याला 'वादळ' म्हणत. संघातली मंडळी 'लंबू' म्हणत, कारण हॉटेलच्या पलंगाबाहेर त्याचे पाय घोट्यापासून लोंबकळायचे. बायको ड्रायव्हिंग स्कूल चालवायची, आणि ती त्याला तोंडाला येईल ते म्हणायची.

दोघांची गाठ त्या स्कूलच्या गाडीतच पडली होती. फलंदाजाच्या हनुवटीखालून चेंडू सणसणत नेणारा हा गडी गाडी मात्र अशी चालवायचा की फुटपाथवरून आजीबाई पुढे निघून जायच्या. एक डोळा वेगाच्या काट्यावर, दुसराही काट्यावरच. शेजारच्या सीटवर मास्तरीणबाईंचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर कायम टेकलेला असायचा, आणि त्याच्या वेळी तर त्या जवळजवळ ब्रेकवर उभ्याच असायच्या. लायसन्सच्या परीक्षेत तो दोनदा आपटला. तिसऱ्यांदा फी भरायची सोडून त्याने सरळ लग्नाचंच विचारलं. लग्न झालं, लायसन्स राहिलं.

मैदानावर मात्र त्याने देहाची जी वाट लावली ती बघण्यासारखी होती. कंपनीने फुकट पाठवलेला कोरा बूट घरी आला की तो आधी स्वयंपाकघरातली सुरी घेऊन डाव्या पायाच्या अंगठ्यापुढे भोक पाडायचा, नाहीतर पाय आपटून आपटून नख काळंनिळं व्हायचं. ते तरीही व्हायचंच. कंपनीचा माणूस एकदा हे ऑपरेशन बघून रडवेला झाला होता. सामना संपला की घरच्या टबात बर्फ पडायचा आणि बर्फात हा, आणि बायको टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीसाठी शेजारी ताटकळत. पुढे पाठीत स्क्रू बसले. विमानतळावरचं यंत्र टूं टूं करायला लागलं की हा पदक मिळाल्यासारखा शर्ट वर करून व्रण दाखवायचा.

पण त्याचं खरं दुखणं पाठीत नव्हतं, मानेत होतं. चेंडू हातातून सुटला रे सुटला की मान गर्रकन मोठ्या फळ्याकडे वळायची. फळ्यावर चेंडूचा वेग झळकायचा. आकडा मोठा आला की स्वारी खूश, मग चेंडू सीमापार गेला तरी बेहत्तर. लहान आला की यंत्र बिघडलेलं, वारा उलटा, चालवणारा झोपलेला. फलंदाज बाद झाल्याचं त्याला कित्येकदा लोकांच्या आरडाओरड्यावरून कळायचं. संथ चेंडूला तो शिवायचाही नाही. कप्तान विनवून थकला, हा म्हणायचा, "ते फिरकीवाल्यांचे धंदे. मी काय म्हातारा झालो?"

झाला होता. पाठीच्या ऑपरेशननंतर आकडा घसरत चालला होता, आणि ते फक्त त्यालाच मान्य नव्हतं.

आणि मग स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ते घडलं. शेवटची जोडी मैदानात, समोर एक दाढीवाला फलंदाज. आमच्या वादळाने जीव तोडून चेंडू टाकला आणि मान वळवली. फळ्यावर आकडा आला. दोन वर्षांत आला नव्हता असा! त्याचं तोंड आनंदाने उघडलं, आणि त्याच क्षणी दाढीवाल्याच्या बॅटवरून अलगद परत आलेला चेंडू त्याच्या कानावर आदळून खाली पडला. ओंजळ पुढे केली असती तरी झेल झाला असता. तेवढ्यात फलंदाजांनी विजयाची धाव पळून घेतली. हा कान धरून उभा.

जगभरात ते दृश्य लोकांनी पुन्हा पुन्हा बघितलं. कोणी त्याला गाणं जोडलं, कोणी कानाचं चित्र काढलं. निवड समितीने त्याला घरी बसवलं. घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "पण आकडा बघितलास का?"

"बघितला," ती म्हणाली. "कानाला बर्फ लाव."

तिसऱ्या दिवशी मात्र त्याच्या आवाजात मस्ती उरली नव्हती. "मला एकदाच परत खेळायचंय गं. इतकी वर्षं हाडं मोडली, आणि लोकांनी लक्षात काय ठेवायचं, तर हा कान? त्याच्यावर संपायला नको."

तिने काही समजूत घातली नाही. त्याला स्कूलच्या गाडीत बसवलं आणि वेगाच्या काट्यावर काळी चिकटपट्टी चिकटवली. काट्यात डोळे घालून बसणाऱ्या शिकाऊंना ती हेच औषध द्यायची.

"अगं, कळणार कसं किती वेगात चाललोय?"

"कान आहे ना अजून जागेवर? इंजिन ऐक. आणि समोर बघ. काट्याने आजवर कोणाला धडक दिलेली नाही, धडक समोरच्याशी होते."

पहिले काही दिवस त्याला आंधळ्यासारखं वाटलं. तो पट्टीकडेच बघायचा. मग ती पट्टी म्हणजे नुसती पट्टी झाली, आणि त्याला रस्ता दिसायला लागला. रस्त्यावर इतकी माणसं असतात, हे त्याला बहुधा नव्यानेच कळलं. सरावाला तो फळा नसलेल्या जुन्या मैदानावर जायचा. तिथे पहिला संथ चेंडू टाकताना त्याला कोणाचा तरी खिसा कापल्यासारखं वाटलं. धावत यायचं वादळासारखं, हात फिरवायचा तसाच, आणि चेंडू मात्र तळहातात खोल धरून सोडायचा. समोरचा कॉलेजचा पोरगा बॅट फिरवून मोकळा झाला, चेंडू मागाहून निवांत आला आणि यष्टी घेऊन गेला. आमचे साहेब स्वतःशीच खुदकन हसले.

पुढे नशीब असं फळफळलं की संघातले तीन वेगवान गोलंदाज एकदम जायबंदी झाले. एकाची मांडी, एकाची पाठ, आणि तिसरा हॉटेलच्या न्हाणीघरात घसरला. नाइलाजाने याला बोलावणं आलं. समोर तोच संघ. प्रेक्षकांतले अर्धे लोक कानाला हात लावून बसलेले. पुन्हा शेवटचं षटक, पुन्हा शेवटची जोडी, आणि जिंकायला एक चौकार हवा म्हणून दाढीवाला टपून उभा. दुसरं कोणी उरलं नव्हतं म्हणून कप्तानाने चेंडू याच्या हातात दिला आणि हात जोडले. ते देवाला होते की याला, कळलं नाही.

हा धावत आला. फळा होता तिथेच होता, भला मोठा, उजव्या हाताला. तळहातात खोल धरलेला चेंडू सुटला, दाढीवाल्याची बॅट वेळेआधीच फिरली आणि चेंडू तिच्या टोकाला लागून सरळ वर उडाला. तो खाली येईपर्यंत फळ्यावर आकडा झळकला. पण याची मान वळली नाही. दोन्ही हातांनी झेल धरला, छातीशी आवळला आणि खाली बसला. कप्तान येऊन अंगावर पडला तरी सोडेना.

आठवड्याने निवड समितीच्या अध्यक्षांचा फोन आला तेव्हा तो स्कूलची गाडी चालवत होता. बायकोने फोन स्पीकरवर धरला.

"झकास जिंकून दिलंस हो," अध्यक्ष म्हणाले. "पण पुढच्या दौऱ्याचं काही जमणार नाही. वेग राहिला नाही तुझा. त्या शेवटच्या चेंडूचा आकडा बघितलास का फळ्यावर?"

"नाही साहेब. मी चेंडू बघत होतो."

फोन बंद झाला. वाक्य फर्मास जमलं होतं, पण त्याने पोटातलं दुःख तसूभरही हललं नाही. आता परत कधीच नाही, हे त्याला कळलं आणि त्याचे डोळे भरून आले. समोरचा रस्ता धूसर झाला.

"रड ना, रड," ती म्हणाली. "आधी गाडी कडेला घे. इंडिकेटर दे."

त्याने इंडिकेटर दिला, आरशात बघितलं, मागच्या बसला जाऊ दिलं आणि गाडी अलगद कडेला आणून थांबवली. मग डोळे पुसून त्याने शेजारी बघितलं. ती आपल्या ब्रेकपासून दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घालून बसली होती.