शालू मागे का राहत होती

आज दुपारी मी आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण शालू नेहमीसारख्या गावामागच्या दोन्ही टेकड्या चढलो. पहिलीवर ती तीनदा अडखळली. मी ओरडले, "अगं, खाली बघून चाल ना!"

ती हसली. "तू बोलत राहा गो, मी येते."

दुसरीवर मी रागाने गप्प झाले. वळून बघते तर शालू वाट सोडून करवंदीच्या जाळीत अडकलेली, मला हाका मारतेय. मी दहा पावलांवर उभी होते.

जाळीतून सोडवताना तिने सांगितलं, तिला आता अंधुकच दिसतं. इतके महिने ती माझ्या आवाजामागून चालत होती.

"सांगितलं असतं, तर तू मला घरी बसवलं असतंस."

खरंच बसवलं असतं. उतरताना तिचा हात धरून मी सबंध वाट बोलत राहिले.

तुमच्या सोबतचं कुणी हल्ली मागे पडतंय का? ओरडण्याआधी विचारलंत का?